कवच सोडलेली बंदूक

केदारखेड्यात कडूबाची ओळख करून देताना कुणी त्याच्या जमिनीविषयी बोलत नसे, कारण ती चारचौघांसारखीच होती. त्याच्या रूपाविषयीही बोलत नसे, कारण ते चारचौघांपेक्षा कमी होतं. ‘बारवाला कडूबा’ एवढं म्हटलं की पुरे. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडाला लावावं आणि थुंकून द्यावं, अशी त्यात योजना होती. योजना सफल झाली. कडूबा जगला, आणि पुढं जन्मभर नावाशी विसंगत इतकं गोड बोलत राहिला, विशेषतः स्वतःविषयी.

स्वतःविषयी म्हणजे बंदुकीविषयी. दोन्हींत त्याला फरक वाटत नसे.

बंदूक घरात कशी आली याच्या दोन हकिकती होत्या. कडूबाची हकिकत अशी, की असईच्या लढाईत त्याच्या खापरपणजोबांनी एका फिरंग्याला घोड्यावरून खाली ओढलं आणि त्याच्या हातातून ती हिसकावून घेतली. त्याच्या बायकोची, चतुराबाईची, हकिकत अशी, की आजेसासऱ्यांनी भोकरदनच्या बाजारात गुरांच्या एका हेड्याला म्हशीची वगार देऊन ती घेतली. वगार लंगडी होती आणि बंदूक उडत नव्हती, तेव्हा सौदा बराबर झाला. पहिली हकिकत पाहुण्यांसमोर सांगितली जाई. दुसरी, कडूबानं भाजीला मीठ कमी आहे असं म्हटलं की.

पण बंदूक कशीही आलेली असो, तिच्यापायी घराला मान होता. दसऱ्याला गाव शीव ओलांडायला निघे. वाजंत्री, त्यांच्या मागं देवाची पालखी, पालखीला खांदा रामकिसन पाटलांच्या घराण्याचा. आणि या सगळ्यांच्या पुढं एकटा कडूबा, खांद्यावर बंदूक. शमीच्या झाडापाशी तो थांबे, बंदूक आभाळाकडे रोखे, ‘हर हर महादेव’ म्हणे आणि बार होई. बार झाल्याशिवाय आपट्याला हात लावायचा नाही, आणि बार काढणाऱ्याच्या हातात सोन्याचं पहिलं पान. पाटलांना दुसरं. वर्षभर सगळीकडे पहिले असलेले रामकिसन पाटील ते दुसरं पान एरंडेल घेतल्यासारखं घेत.

यात अडचण एवढीच होती, की बंदूक उडत नव्हती.

ती कडूबाच्या हयातीत उडाली नव्हती. त्याच्या वडिलांच्या हयातीत उडाली होती असं खात्रीनं सांगणारा कुणी उरला नव्हता. कारण साधं होतं. आजोबांनी एका शस्त्रपूजेला चापाच्या वरच्या भागावर, जिथं बंदुकीची कळ असते तिथं, तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट लावलं. वडिलांनी दोन बोटं लावली. कडूबानं दसऱ्याला लावलं, पोळ्याला लावलं, पोरीच्या लग्नात लावलं, म्हैस व्याली तेव्हाही लावलं. थरावर थर चढत कळीच्या जागी शेंदराचा चांगला नारळाएवढा गोळा झाला. मारुतीच्या मूर्तीत मूळ मारुती जेवढा दिसतो, तेवढंच त्यात यंत्र दिसे. चाप दाबायचा म्हटलं तरी बोट आत शिरत नव्हतं.

मग बार कुठून व्हायचा? शमीच्या पारामागच्या भिंतीआडून. तिथं चतुराबाई उखळी घेऊन बसलेली असे. उखळी म्हणजे लोखंडाचं वीतभर नळकांडं. त्यात दारू ठासायची, कानापाशी, म्हणजे बुडाच्या बारीक भोकापाशी, चिमूटभर रंजक, चटकन पेटणारी बारीक दारू, टाकायची आणि फुलता निखारा लावून मागं सरायचं. हे काम पूर्वी कडूबाचा भाऊ करी. बांधावरून दोघांचं वाजलं तेव्हा गुपित घराबाहेर जायला नको म्हणून कडूबानं ते बायकोला शिकवायचं ठरवलं. म्हणजे उखळी तिच्यापुढं ठेवली आणि स्वतः गोठ्यापलीकडे जाऊन कानांवर हात ठेवले. त्याला दारूच्या आवाजाची भीती वाटे. बारवाल्याला ती वाटू नये असा काही नियम नव्हता.

भिंतीआडून चतुराबाईला नवरा दिसत नसे, नुसता ऐकू येई. त्यामुळं बार कधी ‘हर हर’ नंतर होई, कधी ‘महादेव’च्या बऱ्याच नंतर. कडूबा मात्र ओरडून झाल्याबरोबर खांद्याला धक्का बसल्यासारखा मागं झुकायचा. धक्का आधी आणि बार नंतर, असं त्या बंदुकीचं होतं. एका वर्षी दारू सादळली आणि बार झालाच नाही. तरी म्हातारा मच्छिंद्र, जो ठार बहिरा होता, म्हणाला, “अबब, काय दणका!” सगळ्यांनी माना हलवल्या आणि सोनं लुटलं.

सगळ्या गावाला सगळं ठाऊक होतं. रामकिसन पाटलांनाही होतं. पण चारचौघांनी मिळून जे पाहायचं नाही असं ठरवलेलं असतं, ते एकट्यानं पाहून चालत नाही. पाटील वाट पाहत होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरासं आधीची गोष्ट. निजाम सरकारच्या कुठल्याशा साहेबाला वाटलं, की गावोगावी हत्यारं फार झाली आहेत. दवंडी पिटली गेली, की ज्याच्या घरी बंदूक असेल त्यानं ती भोकरदनच्या कचेरीत अमीनसाहेबांपुढं, म्हणजे फौजदारांपुढं, आणून दाखवावी. चालत असेल ती सरकारात जमा होईल. चालत नसेल तिच्या लाकडी दस्त्यावर ‘नाकारा’ असा तांब्याचा बिल्ला ठोकून ती मालकाला परत मिळेल. नाकारा म्हणजे निकामी.

दवंडीवाला पुढच्या आळीत जातो न जातो तोच रामकिसन पाटील पारावर येऊन बसले. कडूबा तिथंच होता.

“काय कडूबा, जाऊन राह्यला का भोकरदनला?”

“जावंच लागंल की पाटील. सरकारचा हुकूम हाय.”

“हाव, जाच. म्या काय म्हंतो, बंदूक चलती का तुही?”

हा प्रश्न या गावात कधी कुणी विचारला नव्हता.

“म्हंजी काय? दसऱ्याला ऐकता न्हवं तुमी?”

“ऐकतो ना. पर अमीनसायबाला दसरा न्हाई. चलती म्हनशीन तं ठिऊन घेतीन. न्हाई म्हनशीन तं बिल्ला ठोकतीन. मंग बिल्ल्याची बंदूक घिऊन पालखीच्या फुडं कसा चालशीन, बाप्पा? सरकारच म्हनंल निकामी हाय, तं गावानं का म्हनावं?”

पाटलांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली. इतक्या वर्षांनी त्यांना दोन्हीकडून बंद झालेला माणूस बघायला मिळत होता, आणि त्यासाठी त्यांना स्वतःला काही करावंही लागलं नव्हतं.

कडूबा घरी आला तो पिठल्याच्या ताटावरून तसाच उठला. चतुराबाई म्हणाली, “एवढं काय त्यात? ऱ्हाऊ द्या तो मान. म्या बी सुटंन त्या निखाऱ्यातून.”

“तुला काय कळतंय? मान गेला तं माह्याकडं ऱ्हायलं काय?”

चतुराबाईनं त्याच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर देणं बरं नव्हे असं वाटून ती भाकरी उलटायला वळली.

नवरात्रात, दसरा तोंडावर आलेला असताना, कडूबानं बंदूक गोधडीत गुंडाळली आणि बैलगाडीतून भोकरदनला नेली. वाटभर तो एकच वाक्य घोळवत होता: असं वाक्य की जे ऐकून अमीनसाहेबाला बंदूक चालत नाही असं वाटेल आणि गावाला चालते असं.

अमीनसाहेब खुर्चीत बसून बिडीसाठी आगपेटी शोधत होते. शेजारच्या बाकावर जालन्याकडच्या एका मिशनचे गोरे पाद्रीसाहेब बसले होते. दवाखान्यामागं तरस येतं म्हणून त्यांना स्वतःच्या बंदुकीचा परवाना हवा होता. शिपायानं गोधडी सोडली.

“ये क्या लाए, पटेल? बंदूक है कि हलवा?” अमीनसाहेब म्हणाले. खेड्यातून आलेला कुणीही त्यांना पटेलच.

“बंदूक हाय, सरकार.”

“चलती?”

कडूबानं वाटेत घोळवलेलं वाक्य काढलं. “दसऱ्याला चलती, सरकार. बाकी साल न्हाई.”

अमीनसाहेब पोट धरून हसले. “साल में एक दिन काम करती! अरे, ऐसे तो हमारे दफ्तर में भोत हैं. उनको कायका बिल्ला लगाऊँ?” मग त्यांनी शिपायाला खूण केली. “देखो जी, अंदर क्या है.”

शिपायानं पाहणं म्हणजे दस्ता फरशीवर आपटणं. त्यानं एकदा आपटला, काही झालं नाही. दुसऱ्यांदा जोरानं आपटला, आणि टप् असा आवाज होऊन शेंदराचा तो अख्खा गोळा, खरवस वडीनं सुटून यावा तसा, एका तुकड्यात खाली आला. कडूबाच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. पुढं होऊन त्यानं तो गोळा उपरण्यात झेलल्यासारखा उचलला. आतून तो पोकळ होता, आणि त्या पोकळीत बंदुकीच्या घोड्याचा, कमानीचा म्हणजे स्प्रिंगचा, स्क्रूचा ठसा उमटला होता.

आणि ज्या जागी तीन पिढ्यांनी फक्त शेंदूर पाहिला होता, तिथं काळंभोर, तेलानं माखलेलं, एका ठिपक्याचाही गंज नसलेलं यंत्र उघडं पडलं होतं.

“थांबा! हे मित्रा, तिला स्पर्श करू नको!” पाद्रीसाहेब बाकावरून उठले. ते मराठी धर्मपुस्तकातून शिकले होते आणि बाजारातही तसंच बोलत. त्यांनी चष्मा वर केला, बंदूक मांडीवर घेतली आणि लहान मुलाच्या तोंडात दात शोधावा तसं एकेक अंग चाचपू लागले. “पाहा, हिची कमान बाहेर आहे! सर्व बंदुकांची कमान पोटात असते, हिची अंगावर आहे. ही तर स्पेन देशाची कळ!”

कडूबा हबकला. कमान बाहेर म्हणजे आतडं बाहेर आलं असं त्याला वाटलं. “शिपायानं आपटली, सायेब. म्या न्हाई काही केलं.”

“नाही, नाही. ती जन्मापासून अशीच.” आणि पाद्रीसाहेब सांगू लागले. त्यांना थांबवायचा अमीनसाहेबांनी एकदा प्रयत्न केला. मग बिडी कानावर ठेवून तेही ऐकू लागले. पूर्वी बंदुकीला जळता तोडा, म्हणजे पेटती दोरी, लावीत. पाऊस आला की तोडा विझे आणि लढाई राहून जाई. मग युरोपात कुणी घड्याळासारखं चाक बसवलं. किल्लीनं गुंडाळायचं, चाप ओढला की ते गरगर फिरून ठिणग्या पाडी. पण ती राजेलोकांची चैन. बिघडली की दुरुस्त करायला घड्याळजी लागे. तेव्हा स्पेनमधल्या लोहारांनी विचार केला, की शिपाई हा गरीब माणूस, त्याची बंदूक गावच्या लोहाराला उघडता आली पाहिजे. म्हणून त्यांनी कमान बाहेर ठेवली, मोडली तर डोळ्यांना दिसावी. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरली. जबडा आवळायच्या स्क्रूला ही एवढी मोठी कडी दिली, हत्यार नसलं तरी बोटांनी आवळता यावी. समोर पोलादाची उभी पट्टी, आणि रंजकेच्या वाटीचं झाकण त्याच पट्टीचा पाय. गारगोटी पट्टीवर आदळली की ठिणग्या पडतात आणि त्याच धक्क्यानं झाकण उघडतं.

“चकमक हाय की मंग ही,” कडूबा म्हणाला. चिलीम पेटवायला तो रोज कनवटीची चकमक काढायचा. “गारगोटी आन पोलाद.”

“तेच, मित्रा. परंतु पुढे ऐक. स्पेनच्या गादीवर फ्रान्सच्या घराण्यातला राजा बसला. मग फौजेला हुकूम झाला, की फ्रान्सची तऱ्हा चांगली, कमान पोटात पाहिजे. शिपाई कुरकुरले. पुष्कळ वर्षांनी पुन्हा हुकूम झाला, आपली जुनीच तऱ्हा चांगली, कमान बाहेर काढा. थोडी वर्षे गेली, आणि पुन्हा हुकूम: कमान आत.”

अमीनसाहेबांनी उसासा टाकला. “हैदराबाद से बी ऐसेच हुकूम आते, पादरीसाब.”

पाद्रीसाहेबांनी नळीत गज घालून पाहिला. आत दारू नव्हती. कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर तेवढं निघालं. मग त्यांनी घोडा मागं ओढला. कट् असा आवाज झाला. “ही अर्धी चढ. इथं चाप ओढला तरी घोडा सुटत नाही. शिपाई निर्धास्त चालू शकतो.” आणखी ओढला. कट्ट. “आणि ही पूर्ण.” अमीनसाहेबांनी खुर्ची चार बोटं मागं घेतली. पाद्रीसाहेबांनी चाप ओढला. खाड् करून घोडा पुढं झेपावला, झाकण उडालं आणि वाटीत ठिणग्यांचा सडा पडला.

“ज़िंदा है!” अमीनसाहेब ओरडले. “फिर मारो, फिर मारो!” दुसऱ्या खेपेला त्यांनी वाटीत कापूस ठेवायला लावला आणि त्यावर आपली बिडी पेटवून घेतली. सकाळपासून आगपेटी न सापडलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की स्पेनच्या फौजेत एवढं समाधान क्वचितच कुणी दिलं असेल.

कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. चालते! आपली बंदूक चालते! आता रामकिसनच्या तोंडावर... आणि तिथंच तो थबकला. चालते, म्हणजे सरकारजमा.

“सरकार,” तो घाईघाईनं म्हणाला, “ती आत्ता चालली. पर तशी न्हाई चलत ती. सवय न्हाई तिला.”

“घबराव नको, पटेल. ये मालखाने में नहीं पडने वाली.” अमीनसाहेबांनी धूर सोडला. “पादरीसाब बोले सो सुने ना? नायाब चीज़ है. औरंगाबाद में हमारे एक बडे साब हैं, दीवार पर पुराने हथियार सजाने का शौक़ है उनको. जल्दीच भेज देता. तुम्हारा बी नाम लूँगा. और अल्ला की मर्ज़ी हुई तो मेरा तबादला बी...” वाक्य त्यांनी बिडीबरोबर चघळलं.

पाद्रीसाहेब कपाळावर हात मारून काहीतरी म्हणाले. पण त्यांचा स्वतःचा परवाना अजून त्याच टेबलावर होता, म्हणून ते इंग्रजीत म्हणाले.

अशा तऱ्हेनं कडूबाच्या ध्यानात आलं, की बंदूक चालत असली तर वाईट, चालत नसली तर वाईट, आणि मौल्यवान असली तर त्याहून वाईट. उपरण्यात शेंदराचा गोळा बांधून तो रिकाम्या गाडीनं परत आला.

चतुराबाई अंगणात तुरीच्या काड्या वेचत होती. “बंदूक कुठंय?”

“औरंगाबादला चालली. भिंतीवर टांगाया.”

“आन ह्ये काय बांधून आणलं? बत्तासे?”

“कवच. निघून पडलं कचेरीत.” तो ओट्यावर बसला. “चतुरे, ती स्पेनची हाय. कमान भाईर आसती तिची. आन चलती ती! ठिणग्या पडल्या. अमीनानं बिडी पेटवली.”

“बिडी? माह्या सासऱ्यानं जिची पूजा केली तिच्यावर बिडी?”

पण मग तिनं उपरण्याची गाठ सोडली. तो पोकळ गोळा हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिला. “निघून पडलं, म्हन्ता? आपटून फोडलं न्हाई ना? आख्खंच पडलं?”

“आख्खं. टप् करून.”

“बसा हितंच. आन कोणाला स्पेन-बिन सांगू नका.”

ती गोळा पदराखाली घेऊन थेट मारुतीच्या देवळात गेली. तुळजाबाई, गुरवाची बायको, कासवापाशी वाती वळत होती. देवाच्या बाबतीत गावात तिचा शब्द शेवटचा होता; गुरवाचासुद्धा त्यानंतर.

“तुळजाबाई, आपल्या मारुतीनं मागल्या साली कवच सोडलं तव्हा काय केलं होतं?”

“इसरली का? वाजतगाजत नेऊन पूर्णा नदीत सोडलं. गावजेवण झालं.”

“आन समजा, एखाद्या पाट्यानं-वरवंट्यानं कवच सोडलं तर?”

“पाटा-वरवंटा कुठं कवच सोडतो, येडे? देव आसंल त्योच सोडतो.”

चतुराबाईनं पदर बाजूला केला.

तुळजाबाईनं तो गोळा पाहिला, आतले ठसे पाहिले. बंदुकीच्या घोड्याच्या वाकलेल्या मानेचा ठसा तिला शेपटी उगारलेल्या मारुतीसारखा दिसला. कुणालाही दिसला असता, पाहायचाच म्हटलं तर. तिनं अशी काही हाळी दिली, की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका पिळे तसेच टाकून आल्या. सूर्य कलायच्या आत गावभर झालं, की कडूबाच्या घरातल्या देवानं भोकरदनच्या कचेरीत, अमीनाच्या डोळ्यांदेखत, कवच सोडलं. आणि तो देव आता एकटाच परक्या ठिकाणी, बिनपूजेचा, बिड्या ओढणाऱ्यांत बसला आहे.

रामकिसन पाटलांना आधी हसू आलं. मग त्यांनी विचार केला. बंदूक होती तोवर ती कडूबाच्या खांद्यावर होती. देव झाली म्हणजे तिला खांद्यावर कसं नेणार? देव पालखीत बसतो. आणि पालखी कुणाची?

“चला रे!” पाटील पारावर उभे राहून गरजले. “देवाला आणायला कोण कोण येऊन राह्यलं? पालखी काढा आमची!”

कडूबा धावत आला. “पाटील, माह्यासाठी तुमी...”

“तुह्यासाठी काहून? देवासाठी. सरक, दांडीला खांदा देऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल, झांजा, लेझीम आणि वाटेतल्या वाड्यावस्त्यांवरून मिळालेली माणसं, असा लोंढा कचेरीच्या पायऱ्यांशी येऊन थडकला. आत अमीनसाहेब लाकडी पेटीत कडबा अंथरून बंदूक निजवत होते. ते बाहेर आले ते हातात कडब्याची पेंढी तशीच घेऊन.

“क्या है ये? किसकी बारात है?”

“सरकार, आमचा देव हाय तुमच्यापाशी,” पाटील हात जोडून म्हणाले. “चकमकबाबा.” हे नाव त्यांना वाटेत सुचलं होतं.

“कल तक तो बंदूक थी!”

“काल कवच सोडलं ना, सरकार. तुमच्याच म्होरं. लई पुण्याई तुमची.”

अमीनसाहेबांनी कडूबाकडं पाहिलं. “क्यों पटेल? तुम बोलो. बंदूक है कि देव है?”

साऱ्या लोंढ्यानं माना वळवल्या. कडूबाच्या घशात स्पेन आलं होतं. चाक, तोडा, फ्रान्सचा राजा, अर्धी चढ, पूर्ण चढ, एवढं ज्ञान आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापाशी होतं, आणि ते गावापुढं सांगायला यापेक्षा मोठी सभा त्याला मिळणार नव्हती. मागून चतुराबाई खाकरली.

“देव हाय, सरकार,” कडूबा म्हणाला.

अमीनसाहेब विचारात पडले. औरंगाबादच्या भिंतीवर बंदूक लागली तर बडे साहेब खूश होतील, हे खरं. पण तालुक्यात सणासुदीला देवावरून गडबड झाली ही खबर बंदुकीच्या आधी औरंगाबादला पोचेल, हेही खरं. त्यांनी पेंढी खाली टाकली, खबरदारी म्हणून जोडे काढले आणि बंदूक स्वतःच्या हातानं आणून पालखीत ठेवली.

“सुन लो सब,” ते म्हणाले, “पालखी में देव बैठा तो हमको कुछ बोलना नहीं. लेकिन आदमी के कंधे पर बंदूक दिखी, तो बिलकुल ज़ब्त. समझे?”

पाटील सगळ्यांत आधी समजले. त्यांनी अमीनसाहेबांना असा लवून रामराम केला, की पालखी तिरपी झाली.

दसऱ्याच्या दिवशी शिवेकडे मिरवणूक निघाली. पुढं वाजंत्री, मागं रामकिसन पाटलांची पालखी, पालखीत ताज्या शेंदराचं बोट लावलेली बंदूक. सगळ्यांच्या पुढची जागा रिकामी होती. कडूबा सवयीनं तिथं चालायला गेला. पण रिकाम्या हातांनी तिथं चालणं त्याला इतकं जड गेलं, की तो हळूहळू मागं पडत वाजंत्र्यांत मिसळला. सनईवाल्यानं त्याला दोनदा कोपर मारलं.

शमीपाशी पालखी थांबली. पाटलांनी आपट्याच्या फांदीकडं हात नेला.

“आंहां,” म्हातारा मच्छिंद्र म्हणाला. “बार न्हाई झाला.” तो बहिरा होता, तेव्हा त्याला तसं वाटणं साहजिक होतं, पण या वेळी ते खरंही होतं.

पाटील थांबले. “बरं. कर बाबा कडूबा, तुहा बार. कशानं करतोस?”

कडूबा पुढं आला. हातात काही नव्हतं. त्यानं दोन्ही हात आभाळाकडं रोखले, जणू बंदूक आहेच, डोळे मिटले, ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि खांद्याला झटका देऊन मागं झुकला.

बार झाला नाही.

एक क्षण गेला. आणखी एक गेला. पाटलांची मिशी हलू लागली. कडूबानं डोळे उघडले नाहीत. उघडून कुठं पाहायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग शमीच्या पारामागून चतुराबाई बाहेर आली. कमरेवर उखळी, हातात निखाऱ्याची पळी. बायका या मिरवणुकीत शिवेपर्यंत येत नसत. ती सरळ माणसांच्या गर्दीतून चालत पालखीसमोर आली आणि तिनं उखळी जमिनीत दाबून बसवली.

“चतुराबाई, ह्ये काय?” पाटील म्हणाले.

“बार. देवाचा बार भिताडाआडून कशाला काढायचा, पाटील? चोरी हाय का? बंदूक होती तव्हाची गोष्ट निराळी.” आणि लेझीमवाल्यांकडं वळून, “सरका मागं. दाढ्या जळतीन.”

तिनं रंजक टाकली, निखारा लावला आणि मागं सरली. असा दणका झाला की शमीवरचे पोपट उडाले, पाटलांचा फेटा उजव्या कानावर आला आणि मच्छिंद्र म्हणाला, “आत्ता झाला.”

पाटलांनी आपट्याचं पहिलं पान तोडलं, आणि त्यांचा हात छातीकडं वळायच्या आत तुळजाबाई, जी चतुराबाईच्या मागोमाग आली होती, म्हणाली, “बार जिनं काढला तिला द्या.” रीत बदलायची म्हणजे पाटलांना आपल्या पालखीचीही रीत पणाला लावावी लागली असती. त्यांनी पान दिलं. चतुराबाईनं ते कपाळाला लावलं आणि अंबाड्यात खोचलं. दुसरं पान पाटलांनी घेतलं, एरंडेल घेतल्यासारखंच. कडूबाला कितवं मिळालं ते कुणी मोजलं नाही. तो कानांवर हात ठेवून उभा होता.

मान घरात राहिला. घरात कुणापाशी, एवढाच फरक पडला.

पुढं कडूबानं पाहुण्यांना सांगायची हकिकत बदलली. असईची लढाई मागं पडली आणि स्पेन आलं. ते औरंगाबादच्या पुढं आहे, बोटीनं जावं लागतं, तिथला लोहार शिपायाची काळजी करतो आणि राजा कमानीवरून रोज हुकूम काढतो, असं तो सांगे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि नवा अंमलदार खादीची टोपी घालून केदारखेड्यात आला. हत्यारं दाखवा म्हणाला. त्याला देवळात नेऊन चकमकबाबा दाखवला. एव्हाना त्यावर पुन्हा लिंबाएवढा शेंदूर जमला होता. त्यानं टोपी सावरून हात जोडले. कडूबा शेजारच्याला हळूच म्हणाला, “कमान पुन्हा भाईर आली म्हन की.”

त्याही दसऱ्याला चतुराबाईनं पालखीसमोर बार काढला. कडूबा नेहमीप्रमाणं शमीपाशी उभा राहिला, रिकामे हात रोखले आणि ओरडला. फक्त आता उखळी भिंतीआड नव्हती, समोर होती. निखारा उखळीच्या कानापर्यंत पोचलेला त्याला डोळ्यांनी दिसत होता. त्यामुळं त्याच्या खांद्याला धक्का आता अगदी बराबर वेळेवर बसे, आणि लोक म्हणत, की कडूबा आता बार काढायला शिकला.